पुराची वेगळी पॉलिसी शोधू नका, हातातल्या पॉलिसीचं शेड्यूल वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरच्या डागा लेआउटमधल्या तुमच्या बाबांच्या घरात कंबरेएवढं पाणी शिरलं. तुम्ही त्याच भागात किरायाच्या फ्लॅटमध्ये राहता. तुमच्या भावाचं सीताबर्डीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि सुट्या भागांचं दुकान आहे, आणि त्याचा माल खालच्या तळघरात असतो. नेटवर तुम्ही असं वाचलंत की घराच्या विम्यात पूर धरत नाहीत, पुरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते आणि ती घेतल्यावर तीस दिवस थांबावं लागतं. म्हणून विचारलंत की अशी पॉलिसी नागपुरात कोण देतं आणि तिघांना मिळून एकच घेता येईल का.

मी बावीस वर्षांपासून नुकसानीचा सर्व्हेअर म्हणून काम करतो. क्लेम केल्यावर कंपनीकडून जो माणूस वही आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, तो मी. माझी फी कंपनी देते, पण परवाना माझा स्वतःचा असतो आणि अहवाल स्वतंत्रपणे द्यायचा असतो. त्या सप्टेंबरनंतरचे दोन महिने मी जवळपास रोज नाग नदीच्या काठाकाठाने फिरत होतो. त्या अनुभवावरूनच हे लिहितोय.

आधी गैरसमज दूर करू. तुम्ही वाचलेली माहिती खरी आहे, पण ती अमेरिकेची आहे. तिकडे घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर सहसा नसतो. त्यासाठी १९६८ पासून सरकारी पूर विमा योजना आहे आणि तीस दिवस थांबण्याची अट तिचीच आहे. आपल्याकडे रचना वेगळी आहे. इथे पूर आणि पाणी साचणं हे आगीच्या पॉलिसीतच येतं. 'फायर पॉलिसी' म्हटलं की लोकांना वाटतं फक्त आग. पण तिच्यात वादळ, पूर, पाणी तुंबून शिरणं, वीज पडणं अशा बऱ्याच गोष्टी असतात. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने तीन ठरावीक पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केल्या. घरांसाठी भारत गृह रक्षा, पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, आणि पाच ते पन्नास कोटींसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा. तिन्हींमध्ये पूर मुळातच आहे, वेगळा मागावा लागत नाही. कंपनी कोणतीही घ्या, मूळ शब्द तेच असतात. त्याहून मोठ्या किंवा जुन्या धर्तीच्या फायर पॉलिसीत मात्र वादळ-पुराचा गट, ज्याला आमच्या धंद्यात 'एसटीएफआय' म्हणतात, वगळून हप्ता कमी करून घेण्याची सोय असते. तशी पॉलिसी असेल तर ती ओळ आधी पाहा.

म्हणजे 'पुराची पॉलिसी कोण देतं' हा तुमचा प्रश्न इथेच सुटला. पण माझ्या मते तुमची अडचण दुसरीच आहे. त्या पुरानंतर ज्यांच्याकडे पॉलिसी होती, त्यांच्यापैकी पूर पॉलिसीत नाही म्हणून रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस मी जवळजवळ पाहिला नाही. ज्यांना कमी मिळालं किंवा काहीच मिळालं नाही, त्यांचं गाडं शेड्यूलवर अडलं. शेड्यूल म्हणजे पॉलिसीची पहिली एक-दोन पानं, जिथे नाव, पत्ता, कशाचा विमा आणि किती रकमेचा हे छापलेलं असतं. कशाचा विमा आहे, कुठे ठेवलेल्या वस्तूचा, कोणाच्या मालकीच्या वस्तूचा आणि किती रुपयांचा, या चार गोष्टी कोरड्या दिवसात घाईघाईने भरल्या जातात आणि पाणी ओसरल्यावर त्याच शब्दांवर हिशेब होतो. तुम्हा तिघांची परिस्थिती या चारही बाबतींत वेगळी आहे. त्यामुळे एकच पॉलिसी चालणार नाही, तीन लागतील.

बाबांच्या घरापासून सुरू करू. घराच्या विम्यात सगळ्यात मोठी चूक रकमेत होते. लोक बाजारभाव लिहितात. डागा लेआउटसारख्या भागात बाजारभावाचा मोठा हिस्सा जागेचा असतो, आणि पुरात जागा वाहून जात नाही. भारत गृह रक्षात इमारतीची रक्कम म्हणजे चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा घर ८०० चौरस फुटांचं आहे आणि तसंच घर आज बांधायला चौरस फुटाला २,००० रुपये लागतील, तर रक्कम १६ लाख होते. दर मी उदाहरणासाठी धरला आहे. तुमच्याकडच्या कंत्राटदाराला विचारून खरा घाला, आणि आवारभिंत, फाटक, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल यांची किंमत त्यात विसरू नका. याच पॉलिसीत दोन चांगल्या गोष्टी आहेत. एक, रक्कम थोडी कमी पडली तरी त्या प्रमाणात क्लेम कापत नाहीत. दुसरी, इमारतीची रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढत जाते. पॉलिसी एकदम दहा वर्षांपर्यंतही घेता येते.

आता घरातल्या सामानाबद्दल. पुरात विटांचं नुकसान त्या मानाने कमी होतं. खरा खर्च फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, कपाटं, इन्व्हर्टर आणि पाण्याची मोटर यांचा. इमारतीबरोबर सामानाचाही विमा घेतला की यादी न देताही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सामान धरलं जातं. वरच्या उदाहरणात ते ३ लाख २० हजार होतात. तळमजल्याच्या भरलेल्या घराला एवढे पुरत नाहीत, असं मी बघितलं आहे. वाढवून घेता येतात, फक्त तेव्हा यादी द्यावी लागते. आणि ही रक्कम ठरवताना जुन्या फ्रिजची आजची किंमत धरू नका. तसाच नवा आणायला काय पडेल ते धरा, कारण ही पॉलिसी त्याच हिशेबावर चालते.

इथेच एक प्रसंग सांगावासा वाटतो. त्या वर्षी पुराचा दिवस म्हणजे महालक्ष्म्यांच्या विसर्जनाचा दिवस. आदल्या रात्री घराघरांत जेवणं झाली होती, पाहुणे मुक्कामी होते. अंबाझरी तलावाच्या खालच्या एका लेआउटमध्ये मी गेलो, तेव्हा महालक्ष्म्यांच्या नव्या साड्या गाळात बरबटून दोरीवर टांगलेल्या होत्या. निवृत्त शिक्षकाचं घर होतं. त्यांच्याकडे कर्जाबरोबर आलेली पॉलिसी होती, दरवर्षी हप्ता कापला जात होता, त्यामुळे घरचे निर्धास्त होते. शेड्यूल उघडलं तर त्यात फक्त इमारत होती. सामानाच्या ओळीत आडवी रेघ. भिंतीचं प्लास्टर, दारं आणि वायरिंगचे पैसे मी मंजूर करू शकलो. घरातलं एकूण एक सामान गेलं होतं आणि त्यासाठी मला एक रुपयाही लिहिता आला नाही. मास्तर मला चहा घ्यायचा आग्रह करत होते. मी तो घेतला, पण ते घर अजून माझ्या डोक्यात आहे. म्हणून हात जोडून सांगतो, बाबांची पॉलिसी गृहकर्जासोबत आलेली असेल तर आज रात्रीच सामानाची ओळ पाहा. ती नुसती कर्ज फेडणारी जीवन विम्याची पॉलिसी तर नाही ना, हेही पाहा. तशाही पुष्कळ असतात.

सोनं-चांदी आणि महागडी चित्रं सर्वसाधारण सामानात धरत नाहीत. त्यासाठी मौल्यवान वस्तूंचं वेगळं कलम घ्यावं लागतं आणि किंमत आधी ठरवावी लागते. रोख पैसे, कागदपत्रं आणि गाड्या या पॉलिसीतून वगळलेल्या आहेत.

आणखी दोन गोष्टी बहुतेक लोकांना ठाऊक नसतात. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचा किराया या पॉलिसीत मिळतो. आणि पूर आल्यापासून सात दिवसांच्या आत, त्या पुरामुळे उघड्या पडलेल्या घरातून चोरी झाली तर तीही धरली जाते. त्या आठवड्यात कित्येक घरांची दारं फुगून बसतच नव्हती, आणि लोक सामान वाळायला घालून नातेवाइकांकडे गेले होते.

पूर कशाला म्हणायचं, यावरही वाद होतो. बाहेरून पाणी आत शिरलं, मग ते नदीचं असो, नाल्याचं असो, तलाव भरून वाहिल्याचं असो की सडकेवर तुंबलेलं असो, ते पाणी शिरणंच आहे. त्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी काठ सोडून घराघरांत गेली. कित्येकांनी मला विचारलं, 'तलावाचं पाणी सांडवा आणि नदीच्या अडथळ्यामुळे आमच्याकडे वळलं, मग कंपनी याला मानवनिर्मित म्हणून नाकारेल का?' तशा कारणावरून मी अहवालात एकही दावा अडवला नाही. अडथळे कोणाचे, जबाबदारी कोणाची, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यावर कोर्टात भांडणंही झाली, पण तुमच्या क्लेमचं उत्तर त्यावर अवलंबून नाही. याउलट, गच्चीला तडा आहे आणि दर पावसाळ्यात छताला ओल येते, तर ते पुराचं नुकसान नाही. ते देखभालीत येतं आणि पॉलिसी ते देत नाही. पुराच्या क्लेममध्ये जुनी ओल घुसवली की सर्व्हेअरला ती लगेच ओळखू येते, कारण जुन्या ओलीचे डाग वरून खाली येतात आणि पुराची रेघ भिंतीवर चौफेर एकाच उंचीवर असते. असं करू नका. त्यामुळे खऱ्या मागणीवरचा विश्वासही जातो.

तुम्ही किरायेदार आहात, तुमचं काम सोपं आहे. इमारत घरमालकाची, ती त्यांनी सांभाळायची. तुमचं फक्त सामान. भारत गृह रक्षा नुसत्या सामानासाठीही घेता येते, आणि किरायाच्या घराला ती मिळत नाही हा समज चुकीचा आहे. घरमालकाच्या पॉलिसीत तुमचा टीव्ही येत नाही, कारण तो त्यांचा नाही. पहिल्या मजल्याच्या वर राहत असाल तर पुराने सामानाचं नुकसान होण्याचा संभव कमी, पण आग आणि शॉर्टसर्किट आहेच, आणि नुसत्या सामानाचा वर्षाचा हप्ता फार नसतो. पर्यायी घराच्या किरायाचं कलम तुमच्या पॉलिसीत कितपत लागू होईल, हे घेण्याआधी कंपनीकडून मेलवर लिहून घ्या. करारनाम्याची प्रत जवळ ठेवा, म्हणजे त्या पत्त्यावर तुम्ही राहत होतात हे दाखवता येतं.

भावाच्या दुकानाबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तळघर. नागपुरात तळघरात पाणी यायला नदीची गरज नाही. ६ जुलै २०१८ ला पावसाळी अधिवेशन चालू असताना विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरलं, वीज गेली आणि कामकाज थांबवावं लागलं. २०२३ला सीताबर्डीत मोरभवनच्या स्थानकात बसा पाण्यात उभ्या होत्या. अशा वेळी आजूबाजूच्या तळघरांचं काय झालं असेल याची कल्पना तुमच्या भावाला असणारच.

पॉलिसीत पत्ता लिहिताना 'दुकान क्रमांक अमुक, तळमजला' एवढंच असेल आणि माल तळघरात असेल, तर कंपनीला म्हणता येतं की विमा घेतलेल्या जागी तो माल नव्हताच. एका व्यापाऱ्याचं हेच झालं होतं. दुकान वर, गोदाम खाली, आणि खालची जागा त्याने पॉलिसी घेतल्यानंतर वर्षभराने किरायाने घेतली होती. कळवलं नव्हतं. दोन्ही जागांना दार एकच, जिना एकच, पण कागदावर खालची जागा नव्हती. मी अहवालात वस्तुस्थिती सविस्तर लिहिली, शेवटी त्याला काही रक्कम मिळाली, पण दीड वर्ष गेलं. भावाने कंपनीला लेखी कळवावं की तळघरात अमुक इतका माल असतो, आणि शेड्यूलमध्ये 'तळघर' हा शब्द छापून घ्यावा. काही कंपन्या तळघराच्या मालासाठी अट घालतात, उदाहरणार्थ जमिनीपासून काही इंच उंच फळ्यांवर ठेवणं, किंवा हप्ता वाढवतात, किंवा नाही म्हणतात. नाही म्हटलं तर दुसऱ्या कंपनीकडे जा. लपवून घेतलेल्या विम्यापेक्षा ते बरं. आधी कधी पाणी शिरलं असेल तर तेही प्रस्ताव अर्जात लिहावं लागेल. तो रकाना कोरा सोडू नका.

दुसरी गोष्ट मालकीची. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर असलेले निम्मे लॅपटॉप गिऱ्हाइकांचे असतात. 'स्टॉक' म्हणून विमा घेतला तर त्यात दुकानदाराचा स्वतःचा विकायचा माल येतो. दुसऱ्याचा, आपल्या ताब्यात विश्वासाने दिलेला माल हवा असेल तर तसं वेगळं नमूद करावं लागतं. इंग्रजी शेड्यूलमध्ये त्यासाठी 'हेल्ड इन ट्रस्ट' असे शब्द असतात. शिंपी, ड्रायक्लीनिंगवाले, छापखाने, सोनार, सगळ्यांनाच हे लागू आहे. हार्ड डिस्कमधली माहिती मात्र कोणतीही पॉलिसी परत आणून देत नाही. ती दुसरीकडे साठवून ठेवणं हाच उपाय.

तिसरी गोष्ट रकमेची. घराच्या पॉलिसीत जी सवलत आहे, ती दुकानाला तशीच्या तशी नाही. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्याहून जास्त असेल तर क्लेम प्रमाणात कापला जातो. समजा पाणी शिरलं त्या दिवशी दुकानात २० लाखांचा माल होता आणि विमा १२ लाखांचाच घेतलेला होता. नुकसान ५ लाखांचं झालं. लोक म्हणतात, 'विमा १२ लाखांचा आहे, ५ द्यायला काय हरकत?' पण १२ भागिले २० या प्रमाणात ३ लाखच मिळतात, आणि त्यातून एक्सेस, म्हणजे तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम, वजा होते. १७ लाखांचा विमा असता तर कापाकापी झाली नसती. पूर यायचा हंगाम आणि दुकान भरायचा हंगाम आपल्याकडे एकच आहे. गणपती, नवरात्र, दिवाळीसाठी माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येतो. म्हणून मार्चअखेरच्या ताळेबंदातला स्टॉक धरू नका, वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या आठवड्याचा धरा. माल खरेदी किमतीला धरला जातो, विक्रीच्या नाही. फर्निचर, एसी, दुरुस्तीची यंत्रं यांच्या ओळी वेगळ्या, त्या रिकाम्या तर नाहीत ना ते बघा. बँकेने कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जासाठी, घेतलेल्या पॉलिसीत बहुधा फक्त स्टॉक असतो आणि क्लेमची रक्कम आधी बँकेच्या खात्यात जाते, हेही भावाला माहीत असू द्या.

दुकान पंधरा दिवस बंद राहिलं, त्या काळातला बुडालेला नफा आणि नोकरांचे पगार या पॉलिसीत येत नाहीत. त्यासाठी 'लॉस ऑफ प्रॉफिट'ची वेगळी पॉलिसी असते. छोट्या दुकानाला ती परवडेल की नाही, हे उलाढालीवर आहे. माझा सल्ला असा की आधी माल आणि यंत्रांची रक्कम पूर्ण करा, मग पैसे उरले तर तिकडे वळा.

गाडीचंही विचारलं असतंत तर बरं झालं असतं, कारण त्या पहाटे पार्किंगमधल्या गाड्यांचं नुकसान प्रचंड होतं. गाडीच्या पॉलिसीत स्वतःच्या नुकसानीचा भाग असेल तर पूर येतो, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. पण पाण्यात उभी असलेली गाडी चालू करून बघितली आणि इंजिनात पाणी जाऊन ते निकामी झालं, तर इंजिन संरक्षणाचं जादा कलम नसेल तर कंपनी ते देत नाही. पाण्यातली गाडी चालू करू नका, टोइंग करून न्या.

आता पाणी शिरल्यावर काय करायचं. आधी मेन स्विच बंद आणि माणसं वर. ओली यंत्रं चालू आहेत का म्हणून बटण दाबून पाहू नका, नुसती भिजलेली वस्तूही त्याने जळून जाते. पाणी उतरायला लागलं की भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो काढा, फूटपट्टी किंवा माणूस शेजारी उभा करून. कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर कळवा आणि दावा क्रमांक लिहून घ्या. फोन लागत नसेल तर मेल करा, वेळ नोंदली जाते. गाळ काढायला सर्व्हेअरची वाट बघायची गरज नाही. नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारीच आहे. पण भिजलेल्या वस्तू कचरागाडीत टाकण्याआधी प्रत्येकीचा फोटो, आणि यंत्र असेल तर मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक वाचता येईल असा फोटो काढा. गाद्यांसारख्या कुजणाऱ्या वस्तू टाकाव्याच लागतील, सर्व्हेअरला फोनवर विचारून टाका. बाकीच्या एका कोपऱ्यात ठेवा. त्यांची भंगार किंमत क्लेममधून वजा होते, म्हणून त्या फुकट दिल्या तर तुमचंच नुकसान होतं.

एक गोष्ट मी प्रत्येक घरात सांगतो. प्लायवूडचं सामान पहिल्या दिवशी ठीक दिसतं. आठ-दहा दिवसांनी ते फुगतं, थर सुटतात, दारं बसत नाहीत. मोटरचं वाइंडिंगही असंच नंतर जातं. त्यामुळे पहिल्या भेटीत 'याचं काही झालं नाही' असं लिहून देऊ नका. 'तपासणी बाकी' असं लिहा आणि दुसरी भेट मागा. माझ्यासारखे लोक त्या दिवसांत एकेका दिवसात दहा-दहा घरं करतात, नजरेतून सुटू शकतं.

सरकारी पंचनामा आणि विमा या दोन वेगळ्या वाटा आहेत. २०२३ला बाधित कुटुंबांना १० हजार, दुकानांना ५० हजारांपर्यंत मदत जाहीर झाली होती. ती घेतली म्हणून विम्याचा हक्क जात नाही. उलट पंचनाम्याची प्रत मिळाली तर क्लेमला जोडा, त्या तारखेला त्या घरात पाणी होतं याचा तो चांगला पुरावा आहे. बिलं वाहून गेली असतील तर घाबरू नका. दुकानाची खरेदी जीएसटीच्या नोंदींत असते, हिशेबनीसाकडे प्रती असतात, घरगुती वस्तूंची बिलं बँक खात्यात किंवा ऑनलाइन ऑर्डरमध्ये सापडतात. २०२४ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना बजावलं आहे की केवळ कागद नाहीत म्हणून दावा नाकारू नये. आज तुम्ही घरातून आणि दुकानातून फिरत पाच मिनिटांचा व्हिडिओ करून मेलवर ठेवलात, कपाटं उघडून दाखवलीत, तर पुढे निम्मं काम वाचेल.

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. नागपूरचं काम पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. भावाचं दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर तोही जाऊ शकतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं, एवढी मुदत पाळा. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहेच.

माझ्या उत्तरात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. बाबांचं घर फार जुनं असेल तर काही कंपन्या आधी पाहणी करतात. दोनदा पाणी शिरलेल्या जागेला अटी लावतात. हप्ता कंपनीनुसार बदलतो, तरी बाबांच्या घराएवढ्या इमारतीला सामानासकट वर्षाला काही हजारांपलीकडे जाऊ नये. आपल्याकडे तीस दिवस थांबण्याची अट या पॉलिसीत नसली तरी हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हा कायदाच आहे. आभाळ भरून आल्यावर एजंटला फोन करणारे मी दरवर्षी बघतो. नूतनीकरणात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका.

आज रात्री हे करा: भावाच्या दुकानाची, बँकेमार्फत घेतलेली असली तरी, जी पॉलिसी असेल ती समोर घ्या आणि शेड्यूलवर तीन गोष्टी शोधा, 'तळघर' हा शब्द, गिऱ्हाइकांच्या मालाचा उल्लेख आणि स्टॉकची रक्कम. बाबांच्या पॉलिसीत सामानाची ओळ पाहा. पॉलिसी क्रमांक आणि नावं झाकून त्या ओळी इथे टाकल्यात तर काय कमी आहे ते मी सांगेन. पावसाळ्याला वेळ आहे तोवर दुरुस्तीचं पत्र कंपनीला गेलं पाहिजे, आणि त्याच्या बदल्यात येणारं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कंपनीचा कागद, हातात पडेपर्यंत भावाने महागडे लॅपटॉप वरच्या दुकानात ठेवावेत.